बळ्ळारी नाल्यावरचा आमचा फसलेला प्रकल्प

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकते. गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जणांनी मिळून बळ्ळारी नाल्यावर प्रकल्प केला. गुण बरे मिळाले, पण प्रकल्प फसला. तो कशामुळे फसला हे वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायला हवं असं वाटतं, कारण त्यांनी कामं टाकून आम्हाला वेळ दिला होता.

नाल्याची गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. जुलैत पाऊस लागून राहिला की नाला फुगतो, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारात पाणी शिरतं, पेरलेलं भात कुजतं, मग दुबार पेरणी नाहीतर नट्टी, म्हणजे रोपांची लावणी. गाळ, जलपर्णी, अतिक्रमण ही कारणं दरवर्षी छापून येतात. त्यामुळेच आम्हाला विषय सोपा वाटला, आणि आम्ही शिवारात पाऊल ठेवलं ते सप्टेंबर संपताना. पाणी कधीच उतरलं होतं. बांधावरचं गवत कापत असलेल्या एका मावशींनी मान वर करून विचारलं, "पाणी होतं तवा कुठं होतासा?"

तरीही त्यांनी आम्हाला नाल्याकडे नेलं आणि एका झाडाच्या बुंध्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ दाखवली. माझ्या कमरेच्या वर होती. आम्ही तिचे फोटो काढले. जमिनीपासून ती किती उंच आहे हे मात्र कुणीच मोजलं नाही. पट्टी नव्हती, पण ओढणी होती, विळ्याची मूठ होती. मनात आलं असतं तर मोजता आलं असतं.

खरी चूक पुढे झाली. माहिती अधिकार कायद्याखाली (2005) उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. आम्ही अर्ज दिला तेव्हा प्रकल्प सादर करायला जेमतेम महिना उरला होता. एका कार्यालयाचं उत्तर आलं ते दोन दिवस आधी, कन्नडमध्ये. आम्ही पाचही जण मराठी माध्यमाचे. शाळेत कन्नड हा एक विषय म्हणून शिकलो, वाचता येतं, बाजारात बोलतो. पण सरकारी कागदाचं कन्नड वेगळं. त्यात 'हूळेत्तुव कामगारि' असं होतं. हूळु म्हणजे गाळ. आम्ही रात्री दोन वाजता ते 'हुळु' वाचलं, म्हणजे किडा. पान 7 वर ठळक मथळा गेला: गाळ काढायला पैसा नाही, किडे मारायला आहे! प्रत्यक्षात त्या कागदावर गाळ काढण्याच्या कामालाच मंजुरी होती. मावशी तर सांगत होत्या की त्यांच्या बाजूला मशीन आलंच नाही. मंजूर झालेलं काम शिवारात झालं का, बातमी तीच होती. ती आमच्या हातात होती आणि आम्हाला दिसली नाही.

सादरीकरणात ही चूक दाखवली वर्गातल्या एका कन्नडभाषक मैत्रिणीनं. ती वडगावच्या विणकर गल्लीत राहते, तिच्या मामांचं भातही याच नाल्याच्या पाण्यात जातं. गट करताना 'विषय आपल्या मराठी शेतकऱ्यांचा' म्हणून आम्ही तिला विचारलंच नव्हतं. याची मला आजही लाज वाटते. 6 जानेवारीला आम्ही बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो. त्यांचं 1832 सालचं 'दर्पण' एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असं निघत होतं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्रच दोन भाषांत होतं. सीमाभागात मराठीसाठी झगडणं आणि समोरचं कन्नड नीट वाचणं ही दोन्ही कामं आमचीच आहेत, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक सांगायलाच हवं. 'संबंधित अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही' असं वाक्य आम्ही शेवटच्या पानावर लिहिलं. अधिकाऱ्यांना आमच्यापैकी कुणी फोनच केला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केला असेल. पाच जणांनी पाच भाग लिहिले, अख्खा प्रकल्प एकानंही सलग वाचला नाही. एका पानावर नुकसान एकरात, दुसऱ्यावर गुंठ्यांत, आणि हिशेब करून पाहिला तर दोन्ही जुळत नव्हते.

आमच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पानं किती भरली यापेक्षा कुणाला, कधी, किती वेळा विचारलं याची वही आधी तपासावी. आणि आपल्याला विनंती, की पावसाळ्यात आपले वार्ताहर शिवारात जातात तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांना सोबत न्यावं.

दुसरा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला. आता आम्ही सहा जण आहोत, आणि अर्ज कन्नडमध्ये आमच्या त्या मैत्रिणीनं लिहिला आहे. गाळाचं काम कुठून कुठपर्यंत झालं, एवढंच विचारलं आहे. पान 7 ची दुरुस्त प्रत मावशींच्या हातात नेऊन दिली. त्यांनी ती मुलाकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "आता पाऊस लागला की या."

आपली,
पत्रकारितेची एक विद्यार्थिनी,
शहापूर, बेळगाव