भिंतीवरची गिटार आणि टी-शर्ट

संपादक महोदय,

विशिष्ट कल्पनेवर सजवलेल्या रेस्टॉरंट साखळ्यांना ‘नुसता देखावा’ म्हणून मोडीत काढले जाते. मला ते पटत नाही. रॉक संगीतकारांच्या गिटारींनी सजलेल्या हार्ड रॉक कॅफे या साखळीचेच पाहा. १९७१ मध्ये आयझॅक टायग्रेट आणि पीटर मॉर्टन या दोन तरुण अमेरिकनांनी लंडनमध्ये ते सुरू केले, ते अमेरिकेतला बर्गर तिथे मिळावा म्हणून. भिंतीवर गिटारी टांगायचे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. १९७९ मध्ये नेहमीचे गिऱ्हाईक असलेल्या एरिक क्लॅप्टन या प्रसिद्ध गिटारवादकाने आपली ठरलेली जागा राखण्यासाठी गिटार दिली. मग ‘द हू’ या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड यानेही आपली पाठवली, माझीही काही कमी नाही अशा चिठ्ठीसह! सजावट अशी गिऱ्हाइकांच्या जिव्हाळ्यातून उभी राहिली.

टी-शर्टचेही तसेच. एका स्थानिक फुटबॉल संघासाठी छापलेले उरलेले शर्ट गिऱ्हाइकांना वाटले आणि ते अंगावर घालून लोकच जाहिरात करत फिरू लागले. पुढे शर्टावर शहराचे नाव आले, तो प्रवासाची आठवण बनला. इतकी स्वस्त आणि टिकाऊ जाहिरात मला दुसरी दिसत नाही.

उलट १९९१ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या, चित्रपटांच्या कल्पनेवर सजवलेल्या प्लॅनेट हॉलीवूड या साखळीकडे स्टॅलोन, श्वार्झनेगर, विलिस असे हॉलीवूडचे तारे पहिल्या दिवसापासून होते. तरी १९९९ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तारा पाहायला माणूस एकदा येतो. पुन्हा येतो तो जेवणासाठी आणि आपुलकीसाठी. नव्या साखळ्या काढणाऱ्यांनी सजावटकाराआधी स्वयंपाक्यावर खर्च करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक