अर्धं म्हणजे किती?

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की आई मुलांना आपल्या ख्रिस्ती संतांच्या गोष्टी सांगायच्यात पण कुठून सुरू करू कळत नाही, आणि फोन ठेवल्या ठेवल्या नेटवरून उतरवलेल्या रंगवायच्या चित्रांचे फोटो पाठवलेस, तेव्हा मी "छान आहेत" एवढंच टाइप केलं. खरं सांगू का, मला ती चित्रं काही विशेष आवडली नाहीत. सगळे दाढीवाले, सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांच्या डोक्यामागे ताटली. धाकट्याने तीन रंगवली की त्याला वाटणार संत म्हणजे एकच माणूस आहे आणि तो कपडे बदलून बदलून येतो. फोनवर मुलं मधे मधे ओढत असतात तुला, म्हणून लिहितेय, लांबलं तर दोन बैठकींत वाच.

माझं म्हणणं एवढंच, संताचं चित्र रंगवून घेण्यापेक्षा संताने जे केलं ते पोरांच्या हातून होऊ दे. हे शहाणपण मला तुझ्यावर प्रयोग करून आलंय आणि त्यातले बरेचसे फसलेत, तेही सांगते.

मार्टिनची गोष्ट घे. रोमन सैन्यातला तरुण शिपाई, आजच्या फ्रान्समधलं आमियाँ शहर, कडाक्याची थंडी, वेशीपाशी एक उघडा भिकारी कुडकुडतोय आणि येणारे जाणारे बघून न बघितल्यासारखं करतायत. मार्टिनकडे द्यायला काही उरलंच नव्हतं, जे होतं ते आधीच वाटून बसलेला, अंगावर काय तो झगा. त्याने तलवार उपसली (इथे जरा थांबायचं, पोरांना वाटतं आता मारामारी) आणि झगा मधोमध कापला, अर्धा त्याला दिला, अर्धा परत स्वतः पांघरला. तो अर्धवट अवतार बघून काही लोक हसले. हे त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या सुल्पिसियस सेव्हेरसने लिहून ठेवलंय, आणि तू सांगताना ते हसणं गाळू नकोस हं, आपल्याला कोणी हसलं की कसं वाटतं हे चार वर्षांच्या पोराला बरोब्बर माहीत असतं. त्याच रात्री मार्टिनच्या स्वप्नात येशू आला, अंगावर तोच अर्धा झगा.

तू पाच वर्षांची असताना मी तुला जुनी लाल चादर, बोथट कात्री आणि भिकारी म्हणून तुझीच बाहुली दिली होती. तू जीभ बाहेर काढून कोपऱ्यातला रुमालाएवढा तुकडा कापलास, तिच्यावर टाकलास आणि उरलेली अख्खी चादर स्वतः गुंडाळून बसलीस. मी म्हटलं अगं अर्धं, अर्धं द्यायचंय. तू वर बघून विचारलंस, "अर्धं म्हणजे किती?" आणि मी काय करावं, कात्री घेतली हातातून आणि पट्टीने मोजल्यासारखी चादर सरळ मधोमध कापून दिली. तू उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी बघते तर बाहुलीच्या अंगावर तुझाच रुमालाएवढा तुकडा होता, मी कापलेली अर्धी चादर पलंगाखाली. तेव्हापासून पोरांच्या हातातली कात्री घ्यायची नाही हे मी शिकले. वाकडं कापू दे, कमी देऊ दे, आज जेवढं सुटतंय हातून तेवढं सुटू दे. थोरली नक्की विचारेल की त्याने अख्खा झगा का नाही दिला. तूही विचारलं होतंस, मी म्हटलं मग तोही गारठला असता ना, याहून बरं उत्तर मला अजून सुचलेलं नाहीये.

मार्टिनचा सण 11 नोव्हेंबरला. जर्मनीत त्या सुमारास मुलं संध्याकाळी कंदील घेऊन निघतात, तू घरातल्या घरात कर, काचेच्या बरणीवर पतंगाच्या कागदाचे तुकडे चिकटवायचे, आत बॅटरीवाली मेणबत्ती, दिवे बंद करून या खोलीतून त्या खोलीत. आणि हे तुझ्यासाठी, त्या झग्याला लॅटिनमध्ये काप्पा म्हणायचे, तो जपून ठेवलेल्या जागेला काप्पेल्ला, त्यावरूनच आपलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आलं. गंमत आहे की नाही, इतक्या ठिकाणी आपण गुडघे टेकतो आणि त्या शब्दात एक कापलेला झगा आहे.

निकोलसचं मुलांना लगेच जमतं कारण त्यात लपूनछपून काहीतरी आहे. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, ती जागा आता तुर्कस्तानात आहे. एका गरीब बापाच्या तीन मुली, लग्नाला पैसे नाहीत, हा रात्री येऊन खिडकीतून सोन्याची पुरचुंडी टाकून पळतो, असं तीनदा, शेवटच्या वेळी बाप जागा राहून पकडतो तर हा म्हणतो कुणाला सांगू नका. तर 5 डिसेंबरच्या रात्री, सण 6 ला असतो, मुलांना एका मोज्यात घरातल्याच कुणासाठी तरी काहीतरी भरू दे आणि गुपचूप ठेवू दे. तू तुझ्या बाबांच्या बुटात पेन्सिल ठेवली होतीस आणि सोबत चिठ्ठी, "हे मी ठेवलं नाही", खाली तुझं नाव. बाबांनी ती अजून पाकिटात ठेवलीये.

तेरेझाचे मणी मात्र जपून. फ्रान्समधली संत, लिस्यूची छोटी तेरेझा, चारेक वर्षांची होती तेव्हा तिच्या खिशात मण्यांची माळ असायची, मनाविरुद्ध एखादी चांगली गोष्ट केली की एक मणी सरकवायचा, आणि तिच्या आईने पत्रात लिहिलंय की पोरगी दिवसातून शंभरदा खिशात हात घालते. ही माळ करायला सोपी आहे, दहा मणी आणि एक जाड दोरा, दोऱ्याचं एक टोक मण्याच्या एका बाजूने आणि दुसरं टोक दुसऱ्या बाजूने ओवायचं म्हणजे मणी आपोआप घसरत नाही, ओढला तरच सरकतो, शेवटी गाठ. धाकट्याला मोठे लाकडी मणी दे, आणि ओवताना समोर बस, तोंडात घालेल. पण माझी चूक करू नकोस. मी रोज झोपताना विचारायचे आज किती मणी झाले, तीन दिवसांत तू इतकी हुशार झालीस की सकाळी दात घासायच्या आधीच दहाच्या दहा सरकवून मोकळी. माळेची मी मार्कशीट करून टाकली होती. मणी खिशात राहू देत, विचारायचं नाही.

धाकट्याला हस्तकलेत रस नाहीये म्हणतेस ना, मग त्याला मार्टिन दे पोरेस दे, आणि छोटा झाडू. पेरूमधल्या लिमा शहरात 1579 साली जन्मला, आई गुलामगिरीतून सुटलेली, बाप स्पॅनिश, रंगावरून हिणवलेला पोरगा. मठात झाडलोट करायचा, आजाऱ्यांची सेवा करायचा, म्हणून चित्रात त्याच्या हातात झाडू असतो. मठातल्या उंदरांनी कपडे कुरतडले तेव्हा त्याने म्हणे उंदरांशी बोलणी केली, बागेत राहा, मी रोज खायला आणून देतो. धाकट्याला बोलणी करू दे उंदरांशी, मोज्याचा उंदीर चालेल. त्याच्या सणाची, 3 नोव्हेंबरची, वाट बघायची काही गरज नाही.

हुतात्म्यांचं, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या संतांचं, काय करायचं असं तू दबकत विचारलंस. त्यांच्यातल्याच लूसीचं ते डोळे ताटलीत ठेवलेलं चित्र मी तुला फार लवकर दाखवलं आणि आठवडाभर तू माझ्या कुशीत झोपलीस, तेव्हा ते सात-आठ वर्षांपर्यंत नको. पण मरणच लपवू नकोस. आपला गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, जपानमध्ये फ्रान्सिस्कन साधूंचा (संत फ्रान्सिसच्या पंथातल्या) दुभाषा झाला, 1597 च्या फेब्रुवारीत नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर त्याला मारलं. लहानांना एवढं पुरे की येशूला सोड म्हणाले, त्याने सोडलं नाही, म्हणून मारलं. कसं मारलं ते मोठी विचारेल तेव्हा तिला एकटीला सांग.

आणि खरं का हे? हे तर येणारच. मी दोन आवाज ठेवले होते, "असं झालं" आणि "असं सांगतात". मार्टिन दे पोरेस मठात झाडू मारायचा, असं झालं. उंदरांशी बोलला, असं सांगतात. संत जॉर्जने मारला म्हणतात तो ड्रॅगन तर त्याच्या मरणानंतर शेकडो वर्षांनी गोष्टीत शिरला, ते लपवायचं कशाला, पुठ्ठ्याचा ड्रॅगन बिनधास्त करा, फक्त आवाज बदलून सांग. पोरांना तो फरक ऐकू येतो, आणि नंतर मोठी झाल्यावर सगळंच खोटं होतं असं म्हणत नाहीत. इटलीतल्या कार्लो अक्युटिसचा, पंधराव्या वर्षी गेलेल्या पोराचा, फोटोही दाखव एकदा, 2025 मध्ये संत झाला, जीन्स, स्पोर्ट्स शूज, पाठीवर सॅक. दाढी नाही, ताटली नाही.

एक राहिलं, माझं सगळ्यात आवडतं. फ्रान्सिस झेवियर, धर्मप्रसारासाठी भारताकडे आलेला संत, घरापासून हजारो मैल दूर, मित्रांची पत्रं यायला वर्ष वर्ष लागायचं. तर त्याने त्या पत्रांमधून मित्रांच्या सह्या कापून घेतल्या होत्या, त्यांच्याच हातच्या, आणि त्या जवळ बाळगून फिरायचा, त्याने स्वतःच लिहून कळवलंय तसं. ह्याला एक चिंधी, दोरा आणि कात्री लागते बस. चिंधीची पिशवी शिवा, आत लांबच्या माणसांची नावं, त्यांच्या अक्षरातली, प्रिंट काढलेली नाही.

म्हणून तर कागदावर लिहिलंय हे सगळं, बाबांचीही सही घेतलीये. दोन्ही सह्या जरा मोठ्या केल्यात आणि भोवती जागा सोडलीये. पत्र वाचून झालं की थोरलीला कापू दे, आणि वाकडं कापलं तर कापू दे.

तुझी,
आई