राजीनामा दिलाय, पण आधी हे वाचा

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

चाकणची नोकरी सोडली. मिरजेला जीएनएमला प्रवेश घेतलाय, तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स आहे. फीसुद्धा भरली. तुम्हाला आधी विचारलं नाही, ते चुकलंच. पण तुम्ही नको म्हणाला असता तर मला तुमचा शब्द मोडवला नसता. पर्मनंट झालो तेव्हा बाबांनी अख्ख्या आळीत कंदी पेढे वाटले होते. राजीनामा लिहायला बसलो की ते आठवायचं आणि महिनाभर पेन खाली ठेवायचो.

पैशाची काळजी नको. पीएफ आणि साठवलेलं पुरतंय, सोसायटीचं कर्ज फिटलंय, रानावर एक रुपया काढायचा नाही.

बाबा, खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या त्या रात्री आठवतात? रात्रपाळीचा ब्रदर दर दोन तासांनी यायचा. तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचा, मगच तुमच्या पाठीला हात लावायचा. पायांमध्ये उशी ठेवून कुशीवर वळवायचा, मोबाईलच्या उजेडात टाचा बघायचा. टाच लाल झाली की पुढं तिथं जखम होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी तुमचा मुलगा, आणि मला तुम्हाला कुशीवरसुद्धा वळवता येत नव्हतं. तिसऱ्या रात्री गुंगीत तुम्ही त्याचा हात धरलात, "कुणाचा रं तू?" तो म्हणाला, "तुमचाच, काका. झोपा." आणि तुम्ही झोपलात. माझं ठरलं ते तेव्हाच, त्या स्टुलावर.

भावकी म्हणेल, बाप्या माणसानं हे का करावं. सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. आपण त्यांना शाळेपुरतं ओळखतो. १८९७ च्या प्लेगात मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याहून एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं, आणि त्याच रोगानं १० मार्चला गेल्या. ते काम हलकं कसं असेल, बाबा?

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या घरच्यांनाही ते हलकंच वाटायचं. वर्षानुवर्षं त्यांनी तिला अडवलं. १८५१ मध्ये ती जर्मनीत शिकून आली, आणि १८५३ साली तिच्या वडिलांनीच तिला वर्षाला ५०० पौंड लावून दिले. हे वाचताना मला तुम्हीच दिसलात. पुढच्या वर्षी क्रिमियाच्या युद्धात ३८ जणींना घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेली. तिथं सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, टायफस आणि जुलाबांनी जास्त मरत होते. गटारं साफ झाली, हवा खेळू लागली, तसं मरण कमी झालं.

आई, हे तुला कुणी शिकवलं होतं गं? घरात कुणी पडलं की तू आधी खिडकी उघडायचीस, अंथरूण उन्हात टाकायचीस. मला कांजिण्या आल्या तेव्हा रात्रभर अंगावरून लिंबाचा पाला फिरवत बसली होतीस, खाजवू नये म्हणून माझा हात पदरात गुंडाळून. अजून ताप आला की तो पदर हवासा वाटतो.

होस्टेल चांगलं आहे. दोन वेळा गरम जेवण, रात्री भाकरीही असते. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय काढलं तेव्हापासूनचं. कोरेगावातून थेट रेल्वे आहे, चाकणहून यायचो त्यापेक्षा जास्त वेळा येईन.

आता ऐका. बाबा, जेवायला खुर्चीवरच बसायचं, कोण पाहुणा आला म्हणून खाली मांडी घालायची नाही. आई, शनिवारी न्हाणीत धरायला दांडी बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नकोस. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. आणि बाबांच्या टाचा रोज बघ, खोबरेल लाव.

रविवारी येतोय. बाबा, काय बोलायचं ते समोर बोला, पण माझ्याशी अबोला धरू नका.

तुमचा,
बाळू