अपेंडिक्सची जखम पिकते ती घरी गेल्यावर

मा. संपादक,

सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी लागली की अपेंडिक्सचे ऑपरेशन झालेली माणसे टाके निघण्याआधीच वावरात दिसू लागतात. दवाखान्यातून सुट्टी होते तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि जखमेत पू धरतो तो बहुधा चौथ्या ते दहाव्या दिवसात. म्हणजे जखम बिघडण्याच्या नेमक्या दिवसांत ती पाहणारे जाणते माणूस जवळ नसते. सुट्टीच्या कार्डावर मात्र 'ड्रेसिंग करणे' एवढेच लिहिलेले असते.

अपेंडिक्स हा आतड्याचाच भाग, त्यामुळे त्यात विष्ठेतले जंतू असतातच. न फुटता निघाले तर धोका थोडा, फुटले तर कितीतरी जास्त. म्हणून बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली उतरणारे दुखणे सुया-गोळ्यांवर दोन दिवस दाबून ठेवू नये. ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. अँटिबायोटिकचे इंजेक्शन चीर देण्याआधीच्या तासाभरात दिले का? चीर दिल्यावर दिलेल्या इंजेक्शनचा उपयोग घटतो. आणि केस पत्तीने तर काढत नाहीत ना? पत्तीने कातडीला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यात जंतू वाढतात. केस आड येत असतील तर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) कापावेत, नाहीतर तसेच राहू द्यावेत.

घरची काळजी साधी आहे. पहिले ४८ तास पट्टी उघडू नये. ती भिजली किंवा रक्ताने भरली तरच बदलावी. त्यानंतर जखम कोरडी असेल आणि डॉक्टरांची मनाई नसेल तर तांब्याने अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालते. मग उन्हात वाळवलेल्या धुतल्या सुती कपड्याने जखम टिपावी, घासू नये. विहिरीत, नदीत उतरायचे नाही. पट्टीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. हळद, राख, तेल, टाल्कम पावडर यांतले काहीही टाक्यांवर लावू नये.

खरा त्रास नाडीचा आहे. उजव्या बाजूच्या चिरेवर परकराची किंवा पायजम्याची नाडी घासते, खाली घाम साचतो, टाक्याभोवतीची कातडी पांढरी पडून मऊ होते आणि तिथूनच जखम उकलते. टाके निघेपर्यंत गाउन किंवा सैल लुंगी वापरावी, नाडी चिरेच्या वर बांधावी. पोटाला ओटी बांधून कापूस वेचणे तर अजिबात नको. त्या दिवसांत खर्राही बंद हवा, कारण तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला लागणारे रक्त कमी पोचते. वांगे किंवा भात खाल्ल्याने पू होतो, ही समजूत आम्हाला घरोघर ऐकू येते. पू जंतूंमुळे होतो. उलट पथ्याच्या नावाखाली तुरीचे वरण, अंडी, दूध तोडले की जखम भरायला वेळ लागतो. साखरेच्या रुग्णांनी मात्र साखर तपासत राहावे.

चिरेभोवती लाली पसरणे, कातडी गरम लागणे, ठणका कमी होण्याऐवजी वाढणे, घाण वासाचे पाणी, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप: यांतले एकही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आत पू कोंडला असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. एक-दोन टाके काढून त्याला वाट द्यावी लागते. अपेंडिक्स फुटलेल्या रुग्णाला आठवड्याभराने पुन्हा ताप आला, वारंवार शौचाला होऊन त्यात शेंब पडू लागली, तर ती हगवण समजू नये. ओटीपोटात पू साचल्याची ती खूण असू शकते.

आमची मागणी एवढीच आहे. सुट्टीच्या कार्डासोबत वरच्या सूचनांचा अर्धा पानभर मराठी कागद द्यावा, आणि सुट्टीनंतर तिसऱ्या व सातव्या दिवशी जखम पाहण्याची सोय जवळच्या उपकेंद्रात असावी. निर्जंतुक गॉज, सलाइनची बाटली आणि हातमोजे एवढ्यावर ते काम होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात पट्टीसाठी एसटीने जायचे तर रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची, दोघांचीही मजुरी बुडते; म्हणून लोक जातच नाहीत.

शस्त्रक्रिया विभागातील दोन परिचारिका,
जि. यवतमाळ