तांदळाचा डबा, बिस्किटांचा डबा

निशि-कासाई, टोकियो
8 नोव्हेंबर 2024

प्रिय दिग्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. गुडघा होता तिथंच आहे, शुगर गोळीवर आहे, सीमा बरी. झालं आरोग्य.

तुझे अप्पा गेले तेव्हा मी फोनवर चार वाक्यं बोललो आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला. मीटिंग नव्हती. रडू आलं असतं आणि तू पुढची वीस वर्षं त्यावरून चिडवलं असतंस. तेव्हापासून आठ महिने रोज ठरवतोय, उद्या करू. शिव्या घाल, पण आधी हे वाच. सीमाला मी अर्धंच सांगितलंय. तांदळाचा डबा उघडला तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या शेजारी तू होतास, ती नव्हती. आणि आज तारीख काय आहे ते बघ.

आमच्या तळमजल्यावरच्या आजी. मागे सांगितलं होतं बघ, 86 वर्षांच्या, मी छत्री विसरलो की माझ्या दाराला आणून अडकवतात. त्यांच्याशी ओळख तुझ्याच मालामुळे झाली. ब्रह्मदेशातली दहाची नोट. हो, तीच. मी ढापली नव्हती. सत्तावीस गोट्या आणि एक भोवरा मोजून घेतलास आणि दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन आमच्या दारात उभा राहिलास. ती अजून माझ्या पाकिटात आहे. ‘द जॅपनीज गव्हर्नमेंट’ म्हणायचं आणि छापायचे रुपये! क्रमांकसुद्धा नाही, नुसती ‘बी’पासून सुरू होणारी अक्षरं. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिथं रुपया चालत होता म्हणून आपलेच रुपये छापून वाटले आणि 1945 ला ते सगळे रद्दीत गेले. बाबाआजोबा त्यांनी विड्या पेटवायचे म्हणायचे ना? एकदा आजींना गंमत म्हणून ती दाखवली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, उलटून पाहिली, तशीच दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाल्या, यंदा पाऊस उशिरा आहे. मी समजायचं ते समजलो. पण या माणसाला नोटांतलं कळतं, असा त्यांचा समज तेव्हापासून झाला.

तर 3 जुलैला इथं नव्या नोटा आल्या, वीस वर्षांनी. तू बघायला हव्यास रे. दहा हजारावर जुना उद्योगपती शिबुसावा एइची. नोट हलवली की होलोग्राममधला म्हातारा मान वळवून तुझ्याकडे बघतो. नोटेवर असलं काही जगात पहिल्यांदाच. हाच गृहस्थ 1963 ला हजाराच्या नोटेवर येता येता राहिला, कारण दाढी नाही. दाढीच्या बारीक रेघा खोट्या नोटा काढणाऱ्याला साधत नाहीत, म्हणून दाढीवाल्या इतो हिरोबुमीला, इथल्या पहिल्या पंतप्रधानाला, घेतलं म्हणतात. तुझ्या कॉलेजातल्या त्या दाढीचं इथं तरी चीज झालं असतं. याच शिबुसावाने 1893 मध्ये आपल्या जमशेटजी टाटांबरोबर जुळवून कोबे ते मुंबई बोट सुरू करवली, कापसाच्या भाड्यात इंग्रज कंपनी लुटत होती म्हणून. आणि हजारावर कितासातो. 1894 ला हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू ज्या दोघांनी शोधला त्यातला एक. दोन वर्षांत तो प्लेग मुंबईत, मग आपल्या पेठांत, मग रँड, मग चाफेकर. मी रामेनच्या दुकानात कितासातोला हातात धरून हे सगळं आठवत उभा, आणि कूपन देणारं यंत्र त्याला पुन्हा पुन्हा बाहेर ढकलतंय. पुष्कळ दुकानांनी यंत्रं बदललीच नव्हती. मागचा माणूस ‘हं’ म्हणाला. इथं ‘हं’ म्हणजे आपल्याकडची शिवी.

सप्टेंबरात आजींनी चहाला बोलावलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. मी बिस्किट समजून हात घातला. आत 43 नोटा. दहा हजाराच्या, राजपुत्र शोतोकुच्या. ही नोट 1958 ला निघाली आणि 1984 ला तिच्या जागी फुकुझावा हा विचारवंत आला. आताच्या नोटेपेक्षा चांगली सेंटिमीटरभर लांब. उजेडात धरली की कागदाच्या पोटात होर्यू-जी मठातलं युमेदोनो हे अष्टकोनी मंदिर दिसतं. कोऱ्या करकरीत होत्या सगळ्या. इथं लग्नाच्या पाकिटात कोरी नोट लागते आणि मयताच्या पाकिटात कोरी चालत नाही. कोरीच असेल तर मुद्दाम घडी पाडायची, नाहीतर हा वाटच बघत होता असं दिसतं. (नवीन आवई अशी की लग्नात शिबुसावा देऊ नये, त्याच्या भानगडी फार.) तुझ्या दुकानातलं एक रुपया चिकटवलेलं पाकीट त्यापुढे किती सरळ! आजींच्या यजमानांनी या नोटा मुलीच्या लग्नासाठी जमवल्या होत्या. मुलगी ओसाकाला, साठीची, एकटी, मजेत.

आजींना फोन आला होता. गोड आवाजाचा माणूस. नव्या नोटा आल्या, जुन्या बंद होणार, बँकेचा माणूस घरी येऊन बदलून देईल. शुद्ध भामटेगिरी. मी तावातावाने सुरू झालो. आजी, शोतोकु आजही चालतो, 1885 ची दाइकोकुची एक येनची नोटसुद्धा कायद्याने अजून चालते!

दाइकोकु म्हणजे मूळचा आपला महाकाल. चीनमार्गे इथं पोचेपर्यंत हसरा, ढेरपोट्या होऊन तांदळाच्या पोत्यांवर बसला. ती नोट क्योस्सोने नावाच्या इटालियनाने केली. त्याला जपान सरकारने 1875 ला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्याआधी 1872 च्या नोटा जर्मनीत छापून आणल्या, कारण घरच्या नोटांच्या नकला भाजीपाल्यासारख्या निघत होत्या. त्याने 1881 ला जिंगू सम्राज्ञी काढली ती तर इतकी इटालियन दिसते की तू लग्नपत्रिकेवर काढलेला तो बंगाली गणपती आठवतो. पण दाइकोकुची गंमत ऐक. कागद मजबूत व्हावा म्हणून त्यात कोन्याकु घातला, म्हणजे आपल्या सुरणाच्या कुळातल्या कंदाचं पीठ. तर उंदरांनी नोटा कुरतडून खाल्ल्या. उंदीर हा दाइकोकुचाच दूत! शिवाय शाईत शिसं, त्यामुळे गंधकाच्या गरम झऱ्यांवर नाहायला नोट घेऊन गेलं की देव काळा पडायचा. अप्पांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी ‘खळ कशाची घालावी’ यावर अर्धा तास घेतला असता.

आजी सगळं ऐकून शांतपणे म्हणाल्या, ‘चालते, माहीत आहे. त्या वेळी पण आदल्या दिवसापर्यंत चालत होती.’

त्या वेळी म्हणजे फेब्रुवारी 1946. महागाई आवरायची म्हणून सरकारने पाच येनपासून वरच्या सगळ्या जुन्या नोटा बँकेत भरायला लावल्या, खाती गोठवली, हातात मोजके नवे येन दिले. नव्या नोटा वेळेत छापून झाल्या नाहीत म्हणून जुन्यांवरच तिकिटाएवढा कागद चिकटवून त्या नव्या ठरवल्या. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. त्यांच्या आईने ओबीत, म्हणजे किमोनोच्या पट्ट्यात, काही शिवून ठेवलं होतं. ते भरायचं राहिलं. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मी काय तोंडाने त्यांना समजावत होतो रे?

विषय टाळतोय हे तुला कळलं असेल. टाळताना तुझं एक देणं फेडून टाकतो. तू छापलेल्या माझ्या लग्नाच्या पत्रिकेची मागची बाजू कोरी गेली, कार्यालयाचा पत्ता तिथं होता, आणि कोल्हापूरचे मामा भलत्याच लग्नात जेवून आले. तू म्हणालास घाई झाली. 1927 ला इथं बँका बुडायला लागल्या, दारांसमोर रांगा लागल्या, तेव्हा जपानने 200 येनची नोट एकाच बाजूने छापली. मागे पांढरीफटक. ती बघून लोक शांत झाले म्हणतात. तेव्हा तुला माफ. मामा गेलेत, त्यांचं मी सांगत नाही.

तर आजी म्हणाल्या, तुम्ही बँकेत नेऊन बदलून आणाल का?

चार लाख तीस हजार येन, दिग्या. मोठी रक्कम नाही, लहानही नाही. माझा कायम राहण्याचा अर्ज अजून अडकलेला आहे. परदेशी माणूस, शेजारच्या म्हातारीच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या नोटा, काउंटरवर विचारलं तर काय सांगू? हे सगळं दोन सेकंदांत डोक्यात आलं आणि तोंडातून निघालं, पुढचे दोन आठवडे ओसाकाला आहे कामाला. ओसाकाचं नाव तरी का घ्यावं मी? तिथं त्यांची मुलगी. त्या म्हणाल्या, हो का, थंडी सांभाळा. बरोबर चलतो एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मग दोन आठवडे रात्री जिन्याचा दिवा न लावता वर जायचो. पन्नाशीचा घोडा.

आणि मला सारखा आईचा आवाज. 2016 ला, त्या आठवड्यात, मी इथून फोन केला होता. तुझ्याकडे काही असतील तर दिग्याकडे दे, तो भरेल, नंतर रडत बसू नकोस. असंच म्हणालो, या सुरात. ती म्हणाली, माझ्याकडे कुठले रे. मग 2018 ला आपण दोघांनी डबा उपडा केला आणि तांदळाबरोबर 62 आल्या. पाचशेच्या. एकेक घडी वेगळी, म्हणजे एकेकदा ठेवलेली. तू कायदा वाचून दाखवलास, दहाच्या वर जवळ ठेवल्या तर गुन्हा. म्हणजे जन्मात कुणाचा रुपया न ठेवलेली बाई गेल्यावर गुन्हेगार. दहा ठेवून बाकीच्या आपण तुमच्या बंबात घातल्या आणि तू म्हणालास, चल, एकतीस हजारांतल्या सव्वीस हजारांच्या पाण्याने आंघोळ कर. मी केली. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

इथं बँक ऑफ जपान राखसुद्धा बघून घेते, ठाऊक आहे? नोटेची आहे हे ओळखता यायला हवं. फाटकीचा दोन तृतीयांश भाग उरला असेल तर पूर्ण किंमत, दोन पंचमांशापेक्षा कमी असेल तर शून्य, मधे असेल तर निम्मी. हे वाचलं त्या रात्री मी उठून पाणी प्यायलो.

आता काळजी. ऑक्टोबरच्या शेवटी, डबे-बाटल्या टाकायच्या दिवशी, खालच्या निळ्या क्रेटमध्ये तो बिस्किटांचा डबा दिसला. धुतलेला, पुसलेला, झाकण वेगळं. आजी सगळं असंच धुऊन टाकतात. मी तिथं कचऱ्याशी उभा राहून आत वाकून बघितलं, शेजारची बाई बघत होती. रिकामा. नोटा कुठं गेल्या? मुलगी येऊन घेऊन गेली? स्वतः काठी टेकत बँकेत गेल्या? की गोड आवाजाचा तो माणूस दाराशी आला, वाकून नमस्कार केला, आणि यांनी दोन्ही हातांनी दिल्या? रोज भेटतात. हवेबद्दल बोलतात. चेहऱ्यावरून इथं काही कळत नाही आणि विचारायची रीत नाही. पोलिसांत सांग म्हणते सीमा. काय सांगू, एक डबा रिकामा आहे?

विचारायला जावं तर माझं ओसाका मधे येतं.

काल आईच्या पद्धतीच्या चकल्या जमल्या, निम्म्या तुटल्या. सकाळी स्टीलच्या डब्यात घालून खाली गेलो. दाराशी गेलो, परत आलो, परत गेलो. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, म्हणाल्या तीळ? म्हटलं तीळ. काहीतरी विचारणार होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, ओसाकाला पाऊस होता का? मी म्हटलं, थोडा.

डबा रिकामा परत करायचा नाही हे इथंही आहे. एक-दोन दिवसांत येईल वर.

चिन्मयचं कॉलेज काय झालं? वहिनींचा डोळा? मोठं मशीन विकलंस की अजून बापाची आठवण म्हणून गंजवतोयस? एका ओळीत लिही, पण लिही.

तुझा,
सुन्या

ता. क. त्या दहांतली एक तू अप्पांच्या गणपतीमागे खोचली होतीस. असली तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठव. आजींनी विचारलंच तर दाखवेन.