मॉथमॅनच्या गावाहून

कोलंबस, ओहायो

ती. आई-बाबांस सा. न.

शनिवारी पॉइंट प्लेझंटला जाऊन आले. वेस्ट व्हर्जिनियातलं जेमतेम चार हजार वस्तीचं गाव, गाडीने दोन तास. ओहायो आणि कनाव्हा नद्यांचा तिथे संगम होतो. पुराला अडवायला नदीकाठी उंच भिंत बांधलीय आणि तिच्यावर १७७४ च्या लढाईची चित्रं रंगवलीत. महाडला अशी भिंत असती तर, असं मनात आलंच.

आई, या गावाचं दैवत कोण, तर मॉथमॅन! पतंग-माणूस. (दिव्यावर झेप घेणारा पतंग, संक्रांतीचा नव्हे.) १९६६ च्या नोव्हेंबरात जुन्या दारूगोळा कोठारांपाशी दोन जोडप्यांना तो दिसला म्हणे, लाल डोळ्यांचा, पंखवाला. आता त्याचा चकचकीत स्टीलचा पुतळा आहे, संग्रहालय आहे, दर सप्टेंबरात जत्रा भरते. समोरून फोटो झाला की लोक मागे जाऊन त्याच्या ढुंगणाचाही काढतात. मीपण काढला. पाठवणार नाही.

बाबा, तुमच्यासाठी मात्र पूल. १९२८ चा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळी, ऐन नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, मिनिटभरात नदीत गेला. ४६ माणसं गेली, त्यातली दोन सापडलीच नाहीत. जुन्या पुलाच्या तोंडाशी विटांवर त्यांची नावं आहेत. वाचता वाचता मला २०१६ मध्ये वाहून गेलेला महाडचा सावित्री नदीवरचा पूल आठवला. त्या रात्रीनंतर तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात.

काहींनी खापर मॉथमॅनवर फोडलं. खरं कारण एका लोखंडी पट्टीतली चीर, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल. पूल अशा पट्ट्यांच्या साखळीवर लोंबत होता, सायकलच्या चेनसारखा. एक कडी तुटली आणि सगळा खाली. त्यानंतरच इथे देशभर पूल ठरावीक मुदतीने तपासायचे नियम झाले.

चीर पट्टीच्या भोकाच्या आतल्या अंगाला होती. सांधा सोडवल्याशिवाय दिसली नसती, असं तपासणाऱ्यांचं म्हणणं. पूल तपासताना तुम्ही हातोडीने ठोकून आवाज ऐकायचात ना? आकृती सोबत पाठवतेय. भिंग घेऊन बघा आणि रविवारी फोनवर सांगा, तुम्हाला कळलं असतं का.

आई, गुडघ्याचा पट्टा लाव गं.

तुमची,
मनू