नोराला थांबवले ते एकट्या नटीने नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'वरचा लेख वाचला. रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला, तरी राग उतरला नाही म्हणून हे पत्र. लेखकांचा अभ्यास मोठा आहे, नाटकावरचे प्रेमही खरे आहे. मूळ नाटकाच्या शेवटी नायिका नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून घराबाहेर पडते. पण जर्मनीत हा शेवट का बदलला हे सांगताना त्यांनी सगळे खापर एका हट्टी जर्मन नटीच्या माथी फोडले आणि ते पुढच्या परिच्छेदाकडे वळले. त्या नटीचे नाव नाही. ती कुठली, तोवर तिने काय केले होते, यातले काही नाही. कोपनहेगनच्या थिएटरचे नाव आहे, प्रकाशकाचे आहे, इब्सेन हे नाटक लिहिताना इटलीत कोणत्या गावी राहत होता तेही आहे. दोष मात्र बिननावाच्या बाईचा.

तिचे नाव हेडविग नीमान-राबे. जन्म ३ डिसेंबर १८४४, माग्डेबुर्ग. पोरवयातच ती रंगभूमीवर आली. १८६४ ते १८६८ या काळात सेंट पीटर्सबर्गच्या जर्मन दरबारी रंगभूमीवर होती, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर असताना परक्या देशाच्या राजधानीत ती नाव कमावत होती. अल्लड, भोळ्या, चटपटीत मुलींच्या भूमिकांसाठी सगळा जर्मन मुलूख तिला ओळखत होता. पुढे ती गावोगावच्या थिएटरांत पाहुणी नटी म्हणून जाऊ लागली. नाटक मंडळी तिथली, नेपथ्य तिथले, तिकिटे मात्र खपायची हिच्या नावावर. १८७१ मध्ये तिने आल्बर्ट नीमान या गायकाशी लग्न केले. १८६१ साली पॅरिसमध्ये वाग्नरचा 'टानहॉयझर' हा ऑपेरा शिट्ट्या मारून बंद पाडला गेला त्यातला मुख्य गायक हाच, आणि वाग्नरच्या ऑपेरांच्या १८७६ च्या बायरॉइट इथल्या पहिल्या महोत्सवात झिगमुंडची भूमिका करणाराही हाच. त्याची आधीची बायको मारी झेबाख. तीही मोठी नटी. थकलेल्या नटनट्यांसाठी तिने १८९५ मध्ये वायमार इथे निवास काढला, तो आजही चालू आहे. एका घराभोवती इतके नाट्य असताना आपल्या लेखकांना दोन ओळी सापडू नयेत याचे मला वाईट वाटते.

आता शेवटाविषयी. नोराचे काम करायला घेतल्यावर, मी माझ्या मुलांना कधीही सोडून जाणार नाही, म्हणून मी तो शेवटचा प्रवेश करणार नाही, असे हेडविग म्हणाली, हे सांगितले जाते आणि ते मी नाकारत नाही. पण बदललेला शेवट लिहिला कोणी? खुद्द इब्सेनने. नोरा घर सोडत नाही, नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत ओढत नेतो, ती तिथेच कोसळते आणि पडदा पडतो. का लिहिला, हे त्याने १७ फेब्रुवारी १८८० रोजी कोपनहेगनच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितले आहे. तेही संपादकांना लिहिलेले पत्रच. जर्मनीतला त्याचा अनुवादक आणि व्यवहार बघणारा विल्हेल्म लांगे याने त्याला कळवले होते की शेवट बदललेली दुसरीच आवृत्ती बाजारात येण्याची भीती आहे आणि उत्तर जर्मनीतली बरीच थिएटरे तीच पसंत करतील. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातले देश यांच्यात लेखकांच्या हक्कांचा करारच नव्हता. कोणीही नाटक उचलावे आणि हवे तसे कापावे. लेखकांचे हक्क देशोदेशी राखणारा बर्नचा करार १८८६ चा, नॉर्वे त्यात १८९६ मध्ये आला आणि डेन्मार्क १९०३ मध्ये. तेव्हा दुसऱ्याच्या हातून आपल्या नाटकाची मोडतोड होण्यापेक्षा ती आपणच करावी, असे इब्सेनने ठरवले. या बदलाला तो स्वतः रानटी अत्याचार म्हणतो. पण त्या पत्रात तो बोट दाखवतो ते कायद्याच्या पोकळीकडे, अनुवादकांकडे, दिग्दर्शकांकडे आणि लहान थिएटरांतल्या नटांकडे. आपल्या लेखकांनी त्या यादीतून फक्त बाई उचलली.

आणि पुरुषांचे काय? व्हिएन्नाचे नामवंत थिएटर-दिग्दर्शक हाइनरिख लाउबे यांनाही मूळ शेवट नको होता, त्यांनाही इब्सेनने पत्र लिहून समजावले. लंडनमध्ये १८८४ साली हेन्री आर्थर जोन्स आणि हेन्री हर्मन या दोघांनी याच नाटकावरून 'ब्रेकिंग अ बटरफ्लाय' रचले. त्यात नवरा सगळा दोष स्वतःवर घेतो आणि बायको घरातच राहते. तिथे कोणा नटीने हट्ट धरला नव्हता. या तिघांचा लेखात उल्लेख नाही.

सर्वांत मोठी गाळलेली गोष्ट पुढेच आहे. फ्लेन्सबुर्ग, हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन, हॅनोव्हर, बर्लिन असा तो बदललेला शेवट फिरला. लोकांनी विरोध केला, नाटक चालेना, आणि हेडविग नीमान-राबे अखेर मूळ शेवटाकडे वळली. हेच ते काम पुन्हा उभे करून ती त्याच दारातून बाहेर पडली. नावाजलेल्या नटीने एवढ्या गाजावाजानंतर आपला शब्द फिरवणे सोपे नसते. तिने प्रेक्षकांचे ऐकले म्हणा, नाटकाचे ऐकले म्हणा, पण ती वळली. हे लिहिले असते तर ती 'हट्टी' उरली नसती.

मला हे इतके का झोंबले, तेही सांगते. अनंत काणेकरांनी 'घरकुल' लिहून हे नाटक मराठीत आणले तेव्हापासून नोरा आपल्या हौशी रंगभूमीची ओळखीची आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एका हौशी मंडळाने हेच नाटक बसवले आणि नोराचे काम मला दिले. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, शाळा सुटली की तालमीला जायची. महिनोन्महिने तालमी झाल्या. रंगीत तालमीच्या रात्री, नाट्यगृहाचे भाडे भरणारे गावातले एक वजनदार गृहस्थ येऊन बसले. तिसरा अंक संपताच उठून म्हणाले, लग्नाची बाई पोरे टाकून निघून जाते हे या गावात दिसणार नाही. दिसले तर पडदा मी उघडू देणार नाही. आमच्या दिग्दर्शकांनी तिथेच पेटीवर कागद ठेवून अर्धे पान खरडले. आतून मूल रडते, नोरा बॅग खाली ठेवते, पडदा. मी सगळ्यांसमोर सांगितले की हे चुकीचे आहे, मग आधीच्या अंकांना अर्थच राहत नाही. उत्तर मिळाले, तिकिटे विकली गेलीत, हे करा नाहीतर प्रयोग रद्द. मंडळातल्या मुलांनी रजा टाकून नेपथ्य उभे केले होते, त्यांच्याकडे बघून मी ते केले.

दुसऱ्या आठवड्यात गावातल्या एका साप्ताहिकात परीक्षण आले. त्यात होते की नोराची भूमिका करणाऱ्या बाईंना शेवटचे पाऊल उचलण्याचे धैर्य झाले नाही, अखेर संसारी बाईच त्या. दिग्दर्शकांची कल्पकता वाखाणली होती. भाडे भरणाऱ्या गृहस्थांना शाल-श्रीफळ मिळाल्याची बातमी त्याच पानावर होती. मी खुलासा लिहून पाठवला, तो छापला नाही. स्वतः जाऊन विचारले तर जागा नाही म्हणाले. दिग्दर्शक एका शब्दाने बोलले नाहीत, आणि भेटले की नमस्कार मात्र करत राहिले. पुढे किती वर्षांनी एका लग्नात एक बाई मला म्हणाल्या, तुम्हीच ना, नोराला परत घरात आणणाऱ्या? मी सून, जावई, व्याही सगळ्यांच्या देखत तिथे उभी होते.

माझी गोष्ट आणि हेडविगची गोष्ट सारखी नाही, हे मला कळते. तिला मूळ शेवट खरोखरच नको होता, मला हवा होता. मी तिच्या बाजूने नाही. नोराने गेलेच पाहिजे. पण पडद्यामागे कोण लिहितो, कोण पैसे भरतो, कोणता कायदा नाही, हे सगळे झाकून रंगमंचावर जी दिसते तिलाच धरायचे, ही सवय १८८० चीही आहे आणि आपल्या पुरवणीचीही आहे, हे माझे म्हणणे आहे.

लेखाबरोबर एक छायाचित्रही आहे. लांब बाह्यांचा झगा घातलेली एक स्त्री. खाली 'एकोणिसाव्या शतकातील नटी' एवढेच. कोण आहे ती? माहीत नसेल तर छापू नये.

आणि आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे वृत्तान्त आपल्या अंकात पूर्वी सविस्तर येत. आता नाटकाचे नाव, संस्थेचे नाव आणि निकाल, संपले. नोकऱ्या सांभाळून, कर्ज काढून मुले-मुली नाटक उभे करतात, त्यांची नावे एका ओळीत मावतात. ती ओळ आपण काढून टाकली आहे. ती परत सुरू करा.

लेखाच्या बाबतीत माझी मागणी एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी. हेडविग नीमान-राबे, जन्म १८४४, मृत्यू २१ एप्रिल १९०५, बर्लिन. बदललेला शेवट इब्सेनने स्वतः लिहिला, आणि या नटीने पुढे मूळ शेवटानेच नाटक केले. जागा नसेल तर माझे हे पत्र कापून जागा करा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका